खंडेनवमीला बसलेला डिसमिस

पितांबर म्हणजे माझा पाठचा सख्खा भाऊ. हे आधीच सांगून टाकतो, कारण नशिराबादेत आजही कोणी गिटारचा विषय काढला की लोक पहिले माझ्याकडे बघतात. बघणारच. गिटार वाजवणारे पुष्कळ झाले, जळगावात झाले, धुळ्यात झाले. पण गिटारची पाठ उघडून तिच्या पोटातल्या स्प्रिंगा जागेवर बसवणारा त्या काळात अख्ख्या खानदेशात एकच होता, आणि तो आमच्या घरात जेवायचा. कोणाला खोटं वाटत असेल तर शिरपूरला जाऊन विचारावं.

दिसायला काही नव्हता. बारीक अंगाचा, काळा, बोलणं कमी. चारचौघांत उभा राहिला तर कोणी त्याला बाजूला सरकायलाही सांगायचं नाही, इतका कमी दिसायचा. शाळा आम्ही दोघांनीही बेताचीच केली. तो नववीपर्यंत रेटला. वडील, उखर्डू आबा, केळीच्या बागेत राबले आणि आम्हाला राबायला शिकवून गेले. पितांबर दिवसा बागेत असायचा आणि लग्नसराईत गावातल्या बँडमध्ये बेंजो वाजवायचा. वरातीत हातगाडीवर भोंगा, बॅटरी, आणि त्यामागे मान खाली घालून आमचा पितांबर. नाचणारी पोरं थकायची, हा थकायचा नाही.

गिटार त्याला भुसावळच्या रेल्वे कॉलनीत मिळाली. तिथे एक रिटायर झालेला गार्ड राहायचा, म्हातारा, एकटा. एका लग्नात त्याने पितांबरचा बेंजो ऐकला आणि घरी बोलावलं. मग दर रविवारी पितांबर भुसावळला. म्हातारा बोटं धरून शिकवायचा. पुढे तो मुलीकडे मंगलोरला कायमचा जायला निघाला, तेव्हा गिटार पितांबरच्या हातात देऊन गेला. फुकट नाही घेतली. आमच्या बागेतला केळीचा घड नेऊन ठेवला त्याच्या ओट्यावर. तसा घड त्या कॉलनीने जन्मात पाहिला नव्हता.

ती गिटार परदेशी होती, विजेवरची, आणि तिला एक दांडी होती. उजव्या हाताखाली, तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीतून निघालेली, वाकडी लोखंडी दांडी. वाजवता वाजवता ती दाबली की सूर खाली घसरायचा आणि सोडली की परत वर यायचा, विहिरीत बादली जाऊन वर यावी तसा. पितांबर त्याला लहर म्हणायचा. आमच्याकडे कोणी असलं ऐकलेलं नव्हतं. जळगावच्या एका लग्नात देवपूरच्या अभिमनभाऊंनी ऐकलं आणि जेवणाच्या पंगतीतून उठून आले. अभिमनभाऊंचा ऑर्केस्ट्रा म्हणजे धुळ्याकडचं मोठं नाव. स्वतः हार्मोनियम वाजवायचे, पोट हार्मोनियमच्या वर टेकायचं. त्यांनी पितांबरला तिथल्या तिथे पार्टीत घेतलं. ही एक्क्याण्णव सालची गोष्ट. पहिल्या कार्यक्रमाला आम्ही गावातून ट्रॅक्टर भरून गेलो होतो.

पावसाळा संपेपर्यंत सगळं ठीक चाललं. मग चोपड्याच्या कार्यक्रमात घात झाला. पहिल्याच गाण्यात पितांबरने लहर घेतली, दांडी सोडली, आणि सूर पुरता वर आलाच नाही. बाकीचे एका पट्टीत, गिटार दुसऱ्या पट्टीत. पितांबरने एक तार पिळून वर घेतली तर बाकीच्या उतरल्या. त्या घेतल्या तर पहिली उतरली. गाणारी बाई गाता गाता त्याच्याकडे वळून बघायला लागली. शेवटी अभिमनभाऊंनी हातानेच खूण करून त्याला थांबवलं आणि उरलेला कार्यक्रम तो मांडीवर गिटार घेऊन नुसता बसून राहिला. स्टेजवर, सगळ्यांसमोर.

परत येताना अभिमनभाऊंनी सांगून टाकलं. मालेगावचा मगन म्हणून एक कॅसिओवाला आहे, त्याच्या पेटीत गिटारचाही आवाज निघतो आणि तो आवाज कधी उतरत नाही. खंडेनवमीला शिरपूरचा कार्यक्रम आहे, तिथे मगनही येईल. तिथे गिटार उतरली तर पितांबरने नशिराबादेला जावं आणि वरातीत बेंजो वाजवावा.

पितांबर घरी आला. दुसऱ्या दिवशी बागेतून आल्यावर त्याने ओट्यावर गोधडी अंथरली, गिटार पालथी घातली आणि पाठीचं झाकण काढलं. तोपर्यंत त्याने ते कधी काढलं नव्हतं. म्हाताऱ्यानेही काढून दाखवलं नव्हतं.

आत बघितलं तर साधा मामला. घोडी लाकडाला पक्की नव्हतीच. पुढच्या धारेवर टेकून ती झुलत होती. तिच्या खाली एक लोखंडी ठोकळा पाठीच्या खाचेत उतरला होता, आणि त्या ठोकळ्याला तीन स्प्रिंगा लावून त्या पलीकडे एका पत्र्याच्या पंज्यात अडकवल्या होत्या. पंजा दोन लांब स्क्रूंनी लाकडात धरलेला. म्हणजे वरून तारा घोडीला ओढतात आणि पाठीकडून स्प्रिंगा ओढतात, आणि मधे ती घोडी. तीनातली एक स्प्रिंग ताणून ताणून सैल पडली होती.

तसली स्प्रिंग जळगावात मिळणार कुठे. पितांबर सगळा बाजार फिरला. शेवटी माझ्या लुनाने त्याची लाज राखली. ब्रेक शूची स्प्रिंग, तेवढीच लांब, दोन्हीकडे आकडे. मी काढून दिली. माझी लुना त्यानंतर बरेच दिवस पायाने थांबायची, पण भावासाठी माणूस तेवढं करतो.

ती लावली आणि काम बिघडलं. नवी स्प्रिंग कडक, जुन्या दोन नरम. घोडी एका अंगाला दबली, दांडी दगडासारखी झाली. पितांबर रोज संध्याकाळी डिसमिस घेऊन बसायचा, एक स्क्रू पिळायचा, वाजवून बघायचा, परत सैल करायचा. माय म्हणायची, अरे, त्या लाकडाला का छळतोस.

उलगडा झाला तो बागेत. आम्ही गाडीत केळीचे घड भरत होतो. भरणारा मी होतो, आणि गाडी भरण्यात माझा हात धरणारा गावात कोणी नव्हता, हे बैलांनाही माहीत होतं. दोन चाकांच्या गाडीत माल मागे जास्त झाला की गाडी उलाळ होते, जू वर उचलतं आणि बैलांचा गळा आवळतो. पुढे जास्त झाला की सगळा भार बैलांच्या मानेवर. आणि डाव्या-उजव्या बाजूला कमी-जास्त झालं तर गाडी वाटेत लंगडते. पितांबर घड हातात धरून तसाच उभा राहिला. मी म्हटलं, काय झालं. तो म्हणाला, "भाऊ, माझी घोडी उलाळ झाली ना चोपड्याले."

संध्याकाळी त्याने कडक स्प्रिंग बाजूला होती ती मधे घातली आणि नरम दोन तिच्या दोन्ही अंगांना. मग दोन्ही स्क्रू सारखे सारखे पिळत नेले. थोडे इकडचे, तेवढेच तिकडचे. प्रत्येक वेळी तारा सुरात आणायच्या आणि घोडीखालची फट बघायची. होता होता घोडी लाकडाला समांतर आली. दांडी दाबली, सोडली. सूर जिथून गेला तिथे परत आला. पितांबरने अर्धा तास नुसती दांडी दाबून सोडली. त्याच्या तोंडावर काही दिसलं नाही, पण त्या रात्री तो दोन भाकरी जास्त जेवला.

आता सगळं नीट झालं असतं. पण अभिमनभाऊंनी मुंबईहून तारांचा नवा संच मागवला आणि अष्टमीला माणसाच्या हाती पाठवून दिला. निरोप असा की शिरपूरला ह्याच तारा लाव, आवाज भरदार येतो. तारा जाड होत्या. जाड तारा जास्त ओढतात, म्हणजे स्प्रिंगा पुन्हा पिळणं आलं. पितांबरने संध्याकाळी तारा चढवल्या आणि डिसमिस उचलला, तर वीज गेली. कंदिलाच्या उजेडात त्या खाचेत काही दिसेना. त्याने म्हटलं, सकाळी करू. सकाळी लवकर उठून करू.

सकाळी तो उठला तेव्हा माय त्याच्या आधी उठून मोकळी झाली होती. खंडेनवमी. देवघरासमोर सारवून तिने घरातलं सगळं हत्यार मांडलं होतं. विळे, कोयते, कुऱ्हाड, पाण्याच्या पंपाचे पाने, आणि मधोमध पितांबरचा डिसमिस, मुठीवर हळदकुंकू, पात्यावर झेंडूचं फूल. आमच्या घरात खंडेनवमीला बसलेलं हत्यार दसऱ्याच्या सकाळीच उठतं. त्या दिवशी त्याला विश्रांती. आबा असताना एकदा ऐन नवमीला पंप बंद पडला होता, बाग सुकत होती, तरी पाना उठला नव्हता. घरोघर हीच रीत, पण आमच्या मायसारखी ती कोणी पाळली नाही.

पितांबर गिटार घेऊन पुढे आला आणि उभा राहिला. मायने बघितलं.

"वाजवायची वस्तू आहे, ने," ती म्हणाली. "हत्याराले मात्र आज हात लावू नको, बाप्पा."

त्याने मान हलवली. शिरपूरला काय व्हायचं होतं ते तिला माहीत नव्हतं. त्याने सांगितलं नाही. मी सांगणार होतो, तर त्याने मला डोळ्यांनी थांबवलं. मायने प्रसादाची पुरचुंडी रुमालात बांधून त्याच्या खिशात घातली आणि तो जळगावहून चोपड्यामार्गे शिरपूरच्या एसटीत बसला. एसटीलाही हार घातलेला होता.

शिरपुरात पोचला तेव्हा मंडप उभा होता. माइकवाला झिपरू, तिथलाच, भोंगे बांधत होता, दोऱ्यांनी. मगन आलेला होता. चांगला माणूस होता, वाईट म्हणणार नाही. कॅसिओवर फडकं टाकून तो बाजूला बिडी ओढत बसला होता. पितांबरने गिटार काढली आणि तारा सुरात घ्यायला लागला. जाड तारा. पहिली वर घेतली, घोडी उचलली. दुसरी घेतली, पहिली उतरली. सहावीपर्यंत पोचेस्तोवर घोडी मागून इतकी उचलली की तिच्याखालून बोट जाईल.

अभिमनभाऊ आले, त्यांनी एकदाच सगळ्या तारांवरून नख फिरवलं.

"बठ्ठ्या तारा उतरी गयात, भो," ते म्हणाले. "तुना गिटारनं कायम असंच शे."

पितांबरने सांगितलं की तारा जाड आहेत, पाठीमागचे दोन स्क्रू पिळले की बसेल, पण आज नवमी, हत्यार उद्या सकाळी उठेल.

अभिमनभाऊंनी झिपरूकडे डिसमिस मागितला. झिपरू म्हणाला, माझाही बसलाय, घरी पूजेत, आज भोंगे कशाने बांधतोय बघा, दोऱ्यांनी. अभिमनभाऊ म्हणाले, मग बाजारातून नवा घेऊन येतो, तो कोणी पूजलेला नाही. पितांबरने नको म्हणून मान हलवली. मग अभिमनभाऊ चिडले. म्हणाले, तू एसटीत बसून आलास ना, एसटी काय मातीची होती, तीही लोखंडाचीच शे.

"एसटी मायनं नाही पूजली," पितांबर म्हणाला. "हात मात्र माझाच आहे, मायनं आज थांबवलेला. तो नवा डिसमिस धरला तरी माझाच राहीन."

झिपरूने हे मला नंतर कितीदा तरी सांगितलं आहे, आणि दर वेळी तो इथे येऊन थांबतो. अभिमनभाऊंनी मगनला खूण केली. मगनने फडकं काढलं आणि कॅसिओची वायर झिपरूकडे दिली.

पितांबर स्टेजच्या मागे जाऊन बसला. गिटार पालथी मांडीवर, पाठीचं झाकण अष्टमीच्या संध्याकाळपासून उघडंच. अंधार पडायला अजून वेळ होता, लोक यायला लागले होते. त्याला भूक लागली होती. त्याने खिशातली पुरचुंडी काढली. खोबऱ्याचा तुकडा, खारीक, सुपारी आणि एक हळकुंड. खोबरं तोंडात टाकलं आणि हळकुंड बोटांत फिरवत तो त्या खाचेकडे बघत राहिला. जाड तारांनी घोडी उचलली होती म्हणजे खालचा ठोकळा मागे ढकलला होता. ठोकळा आणि मागचं लाकूड यांच्यात फट होती, ती उतरल्या तारांना मोठी आणि चढवल्या तारांना बारीक व्हायची.

त्याने झिपरूला हाक मारली. सगळ्या तारा सैल सोडल्या आणि झिपरूला म्हटलं, घोडी वरून तळहाताने दाबून धर, हलू देऊ नको. झिपरूने धरली. पितांबरने त्या फटीत हळकुंड घातलं आणि अंगठ्याने दाबत दाबत आडवं बसवलं. वाळलेलं हळकुंड, दगडासारखं. मग तारा एक एक करून चढवल्या. घोडी उचलायला गेली, पण ठोकळा हळकुंडाला टेकला आणि तिथेच थांबला. पहिली तार चढली, दुसरी चढली, पहिली उतरली नाही. सहाही चढल्या.

दांडी मात्र मेली. दाबली तरी खाली जाईना. जाणार कशी, पाठीमागून अडवलेली.

पितांबर स्टेजवर जाऊन आपल्या खुर्चीवर बसला आणि वायर लावली. अभिमनभाऊंनी हार्मोनियमवर षड्ज धरला. पितांबरने तार छेडली. एकच सूर. अभिमनभाऊंनी मगनकडे बघितलं, पितांबरकडे बघितलं, आणि दोघांनाही वाजवा म्हणाले.

कार्यक्रम चांगला झाला. गिटार शेवटपर्यंत उतरली नाही. जिथे लहर यायची तिथे पितांबरचा हात सवयीने दांडीकडे गेला आणि परत आला. मग त्याने गिटारची पाठ आपल्या पोटाला दाबली आणि डाव्या हाताने मान जराशी पुढे ढकलली. सूर थोडा थरथरला. पुढच्या रांगेतल्या लोकांनी टाळ्याही दिल्या. त्यांना काय कळणार. लहर नव्हती ती.

अभिमनभाऊंना कळलं. सामान आवरताना ते त्याच्याजवळ आले.

"सूर ऱ्हायना," ते म्हणाले, म्हणजे सूर टिकला. "पण लहर कोठे गयी? सूर तर मगनना डब्बाबी देस."

पितांबर म्हणाला, उद्या सकाळी ऐकवतो. अभिमनभाऊ म्हणाले, सकाळी जीप देवपूरला निघेल, त्याआधी ऐकवली तर ऐकवली. जीपमध्ये जागा एकाचीच आहे.

सकाळी, दसऱ्याच्या दिवशी, सूर्य निघायच्या आत पितांबर झिपरूच्या दुकानाच्या ओट्यावर जाऊन बसला. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. पूजा आत मांडलेली होती आणि ती उठवण्याचा मान झिपरूच्या बायकोचा, झुंबरबाईचा. ती काही घाई करणारी बाई नव्हती. आधी अंगण झाडलं, सडा टाकला, रांगोळी घातली. पितांबरला म्हणाली, बसा भाऊ, चहा घ्या. चहा झाला. मग तिने दिवा लावला, आरती केली. तोवर कोपऱ्यावर जीपचा भोंगा एकदा वाजून गेला होता. झिपरू आत-बाहेर करत होता. बायकोला घाई कर म्हणायची त्याची हिंमत नव्हती. ती म्हणाली, दूध शिंपडायचं राहिलं, आणि परत आत गेली. शेवटी तिने डिसमिस उचलला, पदराला पुसला आणि पितांबरच्या हातात दिला. मुठीवरचं कुंकू तसंच होतं.

त्याने पहिले तारा उतरवल्या, हळकुंड काढून ओट्यावर ठेवलं. मग दोन्ही स्क्रू पिळायला घेतले. थोडा हा, थोडा तो. तारा चढवल्या, फट बघितली. अजून उचललेली. परत उतरवल्या, परत पिळले. घाम त्याच्या हनुवटीवरून गिटारवर पडत होता आणि तो पुसत नव्हता. जीप दुकानासमोर येऊन थांबली. अभिमनभाऊ खाली उतरले, ओट्यावर बसले आणि ड्रायव्हरला हार्मोनियम खाली घ्यायला सांगितली. मगन जीपमध्ये मागे बसून होता.

तिसऱ्यांदा चढवल्यावर घोडी सपाट बसली. झिपरूकडे दुरुस्तीला आलेला एक भोंगा होता, त्याला त्याने गिटार जोडून दिली. अभिमनभाऊंनी षड्ज धरला, पितांबरने तार छेडली. जुळला.

"दाब," अभिमनभाऊ म्हणाले.

त्याने दाबली. जाड तारांचा सूर खाली, अजून खाली, इतका खाली गेला की समोरच्या घरातली माणसं दारात आली. त्याने सोडली. सूर वर आला. अभिमनभाऊंनी षड्ज धरला. जुळला. परत दाबायला लावली, पुरती, तारा लोळेपर्यंत. सोडली. जुळला. तिसऱ्या वेळी पितांबरने दांडी सोडली तेव्हा अभिमनभाऊंनी हार्मोनियमला हात लावलाच नाही. नुसतं ऐकलं.

मग ते उठले आणि ड्रायव्हरला म्हणाले की सामान टपावर बांध, आत दोन माणसं बसतील. मगन सरकला. पितांबरने डिसमिस झुंबरबाईला परत दिला, तिच्या पाया पडला आणि मगनशेजारी जाऊन बसला. जागा खरंच एकाचीच होती. गिटार अभिमनभाऊंनी पुढच्या सीटवर स्वतःच्या मांडीवर आडवी घेतली, दांडीला कशाचा धक्का लागू नये म्हणून वर हात ठेवला, आणि कॅसिओ मगनच्या आणि पितांबरच्या गुडघ्यांवर टेकवून जीप देवपूरला निघाली.